गृहकर्ज लवकर फेडायचंय, पण मध्येच मोठा खर्च आला तर? आधी किती पैसे हाताशी हवेत?

दिवाळीचा बोनस आला, एखादी ठेव मुदत संपून हातात पडली किंवा गावच्या जमिनीचा हिस्सा मिळाला, की बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू होते. "हे पैसे बँकेत भरून टाकू. तेवढंच कर्ज कमी होईल." यात चूक काहीच नाही. डोक्यावरचं कर्ज लवकर उतरावं असं कोणाला वाटणार नाही? घोळ पुढे होतो. बोनस नोव्हेंबरमध्ये कर्जात जातो आणि फेब्रुवारीत वडिलांना दवाखान्यात दाखल करावं लागतं. तेव्हा हातात काहीच उरलेलं नसतं. मग क्रेडिट कार्ड घासलं जातं किंवा मिळेल त्या व्याजाने वैयक्तिक कर्ज घेतलं जातं. म्हणजे साडेआठ टक्क्यांचं कर्ज कमी करण्यासाठी आपण चाळीस टक्क्यांचं नवं कर्ज घरात आणतो.

हे टाळून गृहकर्ज लवकर कसं फेडायचं, ते या लेखात आकड्यांसह समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर:

- आगाऊ भरणा केल्यावर कर्जाची शेवटची वर्षं कमी होतात. पुढच्या महिन्याचा हप्ता चुकत नाही.
- साध्या गृहकर्जात भरलेले जादा पैसे गरज पडल्यावर परत काढता येत नाहीत.
- म्हणून क्रम असा ठेवा: आधी महागडी कर्जं, मग विमा, मग सहा महिन्यांचा आपत्कालीन निधी आणि त्यानंतर गृहकर्जाचं मुद्दल.

हप्त्यातले पैसे जातात कुठे?

एक उदाहरण घेऊ आणि लेखभर तेच वापरू. ४० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत आणि ८.५ टक्के व्याज. हा दर हिशेबापुरता धरला आहे, तुमचा थोडा कमी-जास्त असेल. या कर्जाचा हप्ता येतो ३४,७१३ रुपये.

पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त ६,३८० रुपयांनी. वर्षभरात तुम्ही सुमारे ४ लाख १७ हजार भरता, त्यातून मुद्दल कमी होतं जेमतेम ८० हजारांनी. तीन वर्षांत साडेबारा लाख भरून झाले तरी बँकेचं येणं ३७ लाख ३९ हजार दाखवतं. हा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो, पण यात बँकेची लबाडी नाही. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, एवढंच. २० वर्षं हप्ते भरत राहिलात तर एकूण व्याज होतं ४३ लाख ३१ हजार, म्हणजे कर्जापेक्षाही जास्त.

सुरुवातीच्या वर्षांत केलेला आगाऊ भरणा जास्त फायद्याचा ठरतो, त्याचं कारण हेच. तो सगळाच्या सगळा मुद्दलातून वजा होतो आणि त्या मुद्दलावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं.

२ लाख आगाऊ भरले तर काय होतं?

समजा, तीन वर्षं पूर्ण झाल्यावर तुम्ही २ लाख रुपये भरले. आता बँकेपुढे दोन पर्याय असतात.

पहिला पर्याय: हप्ता तोच, मुदत कमी. उरलेले २०४ हप्ते सुमारे १८२ वर येतात. कर्ज पावणेदोन वर्षांहून अधिक आधी संपतं आणि साधारण ५ लाख ८० हजार रुपये व्याज वाचतं.

दुसरा पर्याय: मुदत तीच, हप्ता कमी. हप्ता ३४,७१३ वरून ३२,८५६ वर येतो, म्हणजे महिन्याला १,८५७ रुपयांची सुटका. १७ वर्षांत वाचणारं व्याज मात्र १ लाख ७९ हजारांच्या आसपास.

नुसत्या व्याजाच्या दृष्टीने पाहिलं तर पहिला पर्याय सरळसरळ सरस आहे. कमाई स्थिर असेल तर तोच घ्या. पण घरात एकाचीच कमाई असेल, नोकरीची खात्री नसेल किंवा येत्या काही वर्षांत मुलांचा खर्च वाढणार असेल, तर हप्ता कमी करून घेण्यातही शहाणपण आहे. हप्ता कमी करूनही हातात पैसे उरले, तर ते पुन्हा मुद्दलात भरायला कोणी अडवत नाही. उलट दिशेने मात्र ते जमत नाही. एकदा कमी केलेली मुदत पुन्हा वाढवून मागायची तर बँकेची परवानगी लागते.

कर्ज कमी होतं शेपटाकडून, संकट येतं तोंडाकडून

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अनेकांना वाटतं की आपण २ लाख जादा भरलेत, म्हणजे पाच-सहा हप्ते आधीच देऊन झाले. उद्या अडचण आली तर बँक तेवढे महिने थांबेल. तसं होत नाही. आगाऊ भरणा मुद्दलात जमा होतो. तो पुढच्या हप्त्यांपोटी धरला जात नाही. तुम्ही ५ तारखेला २ लाख भरले, तरी १० तारखेचा हप्ता त्याच तारखेला कापला जातो. खात्यात शिल्लक नसेल तर तो परत जातो, दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअरवर डाग पडतो.

म्हणजे २ लाख भरून तुम्ही जे हप्ते वाचवलेत, ते पंधरा-सतरा वर्षांनंतरचे आहेत. दवाखाना, नोकरी जाणं, गळकं छत या गोष्टी मात्र याच वर्षी येतात. २ लाख भरलेले असोत वा नसोत, हप्ता सलग ९० दिवस थकला की कर्ज अनुत्पादित म्हणजे एनपीए ठरतं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. "आम्ही मागच्याच वर्षी जादा पैसे भरले होते" हे तिथे उत्तर होत नाही.

भरलेले पैसे परत मागता येतात का? साध्या गृहकर्जात नाही. टॉप-अप कर्ज मागता येतं, पण त्यासाठी नव्याने अर्ज, पगाराच्या पावत्या आणि तपासणी, हे सगळं आलंच. नोकरी गेली म्हणून पैसे हवे असतील, तर पगाराची पावती आणणार कुठून?

पैसे हाताशी ठेवण्याची किंमत किती?

"पण ठेवीत पैसे पडून राहिले तर नुकसानच ना?" हा प्रश्न रास्त आहे. किती नुकसान, ते मोजून पाहू.

२ लाख गृहकर्जात भरले तर वर्षाला ८.५ टक्क्यांनी १७ हजार व्याज वाचतं. तेच ६ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले तर १२ हजार मिळतात. फरक ५ हजारांचा. ठेवीच्या व्याजावर कर लागतो, म्हणून ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला हा फरक साधारण ८,६०० रुपये पडतो. म्हणजे २ लाख रुपये वर्षभर हाताशी ठेवण्याची किंमत आहे ५ ते साडेआठ हजार.

आता दुसरी बाजू. हेच २ लाख क्रेडिट कार्डावर थकले तर? बऱ्याच कार्डांचा दर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे एका महिन्याचं व्याज झालं ७ हजार, त्यावर जीएसटी वेगळा. वर्षभर पैसे हाताशी ठेवायला जो खर्च येतो, जवळपास तेवढा कार्डावर एका महिन्यात होतो.

वैयक्तिक कर्ज घेतलं तर? १५ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी २ लाखांचा हप्ता ६,९३३ रुपये बसतो आणि एकूण व्याज ४९,५९० रुपये. इथे कोणी म्हणेल, "गृहकर्जात ५ लाख ८० हजार वाचले, इकडे ५० हजार गेले. तरी मी फायद्यातच." कागदावर हे बरोबर दिसतं. पण ५ लाख ८० हजार वाचणार पंधरा-सतरा वर्षांनी आणि महिन्याचा बोजा मात्र आजच ३४,७१३ वरून ४१,६४६ वर गेला. तोही नेमका अशा वेळी, जेव्हा घरात आजारपण आहे आणि कदाचित एक पगार बंद आहे.

शिवाय वर्षभर थांबल्याने आभाळ कोसळत नाही. याच उदाहरणात तुम्ही २ लाख तिसऱ्याऐवजी चौथ्या वर्षाअखेर भरले, तरी सुमारे ५ लाख २० हजार व्याज वाचतं. आधीच्यापेक्षा ६० हजार कमी, पण तो फरक कर्जाच्या अगदी शेवटी जाणवणारा आहे आणि मधल्या वर्षात ठेवीवर मिळालेलं व्याज त्यात धरलेलं नाही.

अचानक आलेले खर्च आणि विसरलेले खर्च

"अचानक खर्च आला" असं आपण म्हणतो, तेव्हा त्यातले बरेच खर्च खरं तर अचानक नसतात. त्यांची तारीख माहीत नसते किंवा माहीत असूनही आपण ती विसरलेलो असतो. दोन्ही वेगळे करा.

विसरलेले खर्च: जूनमधली शाळेची फी आणि पुस्तकं, गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, गणपतीला गावी जाणं, लग्नसराईतले आहेर, पावसाळ्याआधीची गच्चीची डागडुजी, जुना झालेला फ्रिज. गेल्या वर्षभराचं बँकेचं विवरण आणि यूपीआयचे व्यवहार काढून बसा. असे सगळे खर्च एका कागदावर लिहा, बेरीज करा आणि १२ ने भागा. ७२ हजार आले तर महिन्याला ६ हजार वेगळ्या खात्यात टाकायचे. हे पैसे आपत्कालीन निधीत धरायचे नाहीत.

सोसायटीत राहणाऱ्यांनी आणखी एक खर्च लक्षात ठेवावा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडाची तरतूद आहे. पण इमारत जुनी झाली की बाहेरचं प्लास्टर, गळतीबंदी, लिफ्ट बदलणं अशा कामांना तो निधी बहुतेक वेळा पुरत नाही. मग सर्वसाधारण सभेत ठराव होतो आणि प्रत्येक सदनिकेमागे वर्गणी लागते. तुमची इमारत वीस-पंचवीस वर्षांची असेल तर हा खर्च येणारच आहे, असं धरून चाला.

खरोखर अचानक येणारे खर्च: मोठं आजारपण, अपघात, नोकरी जाणं, धंद्यात मंदी, गावच्या घराची भिंत कोसळणं, घरातला मृत्यू. यांच्यासाठी दोन गोष्टी लागतात, विमा आणि निधी.

आरोग्य विमा नसताना गृहकर्जात जादा पैसे भरणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं. कंपनीचा विमा असेल तरी नोकरीबरोबर तो जातो, म्हणून स्वतःची वेगळी पॉलिसी असावी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, पण ते ठरावीक आजारांसाठी आणि योजनेतल्या रुग्णालयांतच. तुमच्या जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे, हे आजारपण येण्याआधी पाहून ठेवा. आणि कर्जाच्या रकमेएवढा तरी मुदत विमा कमावत्या माणसाच्या नावावर असू द्या. नाहीतर घराबरोबर कर्जही कुटुंबाच्या वाट्याला येतं.

निधी किती आणि ठेवायचा कुठे?

साधा हिशेब आहे. महिन्याचा हप्ता अधिक घर चालवायचा किमान खर्च, गुणिले सहा. आपल्या उदाहरणात हप्ता ३४,७१३ आणि किराणा, वीज, फी, औषधं, प्रवास मिळून ३० हजार धरले तर ६४,७१३ गुणिले ६, म्हणजे ३ लाख ८८ हजार. हॉटेल, सहली, नवे कपडे यात धरायचे नाहीत. संकटात ते आपोआप बंद होतात.

दोघांच्या पक्क्या नोकऱ्या असतील तर चार महिन्यांचा निधीही चालू शकेल. एकाचीच कमाई, स्वतःचा धंदा किंवा घरात आजारी ज्येष्ठ असतील तर नऊ ते बारा महिन्यांचा ठेवा. एकदम जमणार नाही. आधी एक महिन्याचा करा, मग तीन, मग सहा.

हे पैसे ठेवताना दोन गोष्टी बघायच्या: ते बुडू नयेत आणि पटकन हातात यावेत. एक महिन्याचा खर्च बचत खात्यात, उरलेला मुदत ठेवींत. एकच मोठी ठेव करण्यापेक्षा ५०-५० हजारांच्या चार-पाच ठेवी करा, म्हणजे गरजेपुरतीच मोडता येते. शेअर किंवा इक्विटी फंडात हा निधी ठेवू नका. बाजार पडतो आणि नोकऱ्या जातात, हे अनेकदा एकाच वेळी घडतं.

आणि सगळे पैसे एकाच बँकेत नकोत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १ हजार रुपये काढायची मुभा होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा काही दिवस काहीच काढता येत नव्हतं. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, पण ते पैसे हातात यायला वेळ लागतो. पतसंस्थांतल्या ठेवींना तर हे संरक्षण लागूच नाही. म्हणून निधी दोन बँकांत विभागून ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो काढता येईल अशी सोय करा.

मधला मार्ग: ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज

पैसे कर्जातही भरायचेत आणि हाताशीही हवेत, असं वाटत असेल तर त्यावर एक सोय आहे. काही बँका गृहकर्जाला ओव्हरड्राफ्ट खातं जोडून देतात. स्टेट बँकेचं मॅक्सगेन, बँक ऑफ बडोदाचं होम लोन अ‍ॅडव्हांटेज ही त्याची उदाहरणं. तुम्ही या खात्यात २ लाख ठेवले, तर जेवढे दिवस ते तिथे आहेत तेवढे दिवस व्याज २ लाख कमी रकमेवर लागतं. गरज पडली की पैसे काढून घेता येतात.

आपत्कालीन निधी ठेवायला ही जागा उत्तम आहे, पण तीन गोष्टी ध्यानात घ्या. या कर्जाचा दर साध्या गृहकर्जापेक्षा थोडा जास्त असू शकतो, त्यामुळे खात्यात कायम चांगली शिल्लक राहणार असेल तरच ते परवडतं. दुसरं, सगळा निधी इथे ठेवू नका, एक-दोन महिन्यांचा खर्च बाहेर असू द्या. आणि तिसरं, पैसे सहज काढता येतात म्हणून नव्या मोबाइलसाठीही काढले जातात. स्वतःवर ताबा नसेल तर साधी मुदत ठेव बरी.

आगाऊ भरणा करताना काय पाहायचं?

विमा आहे, निधी आहे, कार्डाची थकबाकी शून्य आहे. आता जादा आलेले पैसे खुशाल गृहकर्जात भरा.

शुल्क. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून आगाऊ भरण्याचं शुल्क घेता येत नाही. बँकांसाठी हा नियम २०१२ पासून आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनुसार १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या अशा कर्जांवर, पैसे कुठूनही आणलेले असोत, शुल्क नाही आणि किमान काही काळ थांबण्याची अटही नाही. ठरावीक दराच्या कर्जावर मात्र शुल्क असू शकतं. करारपत्र वाचा.

अर्ज. नुसते पैसे कर्ज खात्यात टाकून मोकळे होऊ नका. "ही रक्कम मुद्दलात जमा करावी आणि मुदत कमी करावी" किंवा "हप्ता कमी करावा" असं लेखी द्या. आठ-दहा दिवसांनी परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि शिल्लक मुद्दल तपासा.

दर. आगाऊ भरण्याआधी आपला दर पाहा. नव्या ग्राहकांना बँक स्वस्तात कर्ज देत असेल, तर थोडं शुल्क भरून तुमचाही दर कमी करून मिळू शकतो. अर्धा टक्का कमी झाला तर त्यासाठी २ लाख अडकवावे लागत नाहीत.

वाढती मुदत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा बँकांनी अनेकांचा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. ४० लाखांचा २० वर्षांचा हप्ता ७ टक्क्यांना ३१,०१२ रुपये असतो. दर ९.५ टक्के झाला की ४० लाखांवरचं महिन्याचं व्याजच ३१,६६७ होतं. हप्त्यातून मुद्दल फिटणारच कसं? ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, याची निवड कर्जदाराला द्यावी. तुमची मुदत किती उरली आहे, ते वर्षातून एकदा तरी पाहा.

छोटा पण नेमाचा भरणा. एकदम मोठी रक्कम हवीच असं नाही. आपल्या उदाहरणात दरवर्षी फक्त एक हप्ता जादा भरला, तर २० वर्षांचं कर्ज साधारण १६ वर्षं ९ महिन्यांत संपतं आणि सुमारे ८ लाख व्याज वाचतं. ज्या वर्षी खर्च आला, त्या वर्षी जादा हप्ता भरला नाही तरी बिघडत नाही.

बोनस आला की तो असा वाटा: या वर्षी निधीतून जेवढं वापरलं तेवढं आधी निधीत परत, उरलेल्यातला मोठा भाग मुद्दलात आणि थोडा घरच्यांच्या हौसेला. हौसेला काहीच ठेवलं नाही, तर दोन वर्षांत सगळेच कंटाळतात आणि बेत मोडतो.

तरीही पैसे कमी पडले तर?

समजा निधी संपला. मग पैसे उभे करण्याचा क्रम असा ठेवा: मुदत ठेवीवरचं किंवा विमा पॉलिसीवरचं कर्ज, त्यानंतर बँकेचं सोनेतारण, मग वैयक्तिक कर्ज. कार्डावर थकबाकी ठेवणं सगळ्यात शेवटी. घरातलं सोनं गहाण ठेवायची लाज वाटून घेऊ नका. फक्त सोडवण्याची तारीख ठरवून ठेवा.

पुढचा हप्ता भरता येणार नाही असं दिसलं, तर तो चुकायच्या आधी शाखेत जा. आधी आगाऊ भरणा करून मुदत कमी केलेली असेल, तर ती पुन्हा वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी विनंती करा. बँक मान्य करेलच असं नाही, पण खातं नियमित असताना केलेली विनंती आणि तीन हप्ते थकल्यावर केलेली विनंती यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

करसवलत जाईल म्हणून कर्ज चालू ठेवावं का?
नाही. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही. तुम्ही नव्या पद्धतीत असाल तर हा प्रश्नच मिटला. जुन्या पद्धतीतही १०० रुपये व्याज देऊन ३० रुपये कर वाचतो. ७० रुपये खिशातून जातातच.

आगाऊ भरणा करावा की एसआयपी?
आगाऊ भरण्यातला फायदा खात्रीचा आहे, तुमच्या कर्जाच्या दराएवढा. एसआयपीतला परतावा जास्त असू शकतो, पण खात्रीचा नाही. दोन्ही थोडं थोडं करायला हरकत नाही. निवृत्ती दहा वर्षांच्या आत असेल, तर कर्ज संपवण्याला झुकतं माप द्या.

भविष्य निर्वाह निधी काढून कर्ज फेडावं का?
शक्यतो नको. म्हातारपणी घर असेल, पण औषधाला पैसे नसतील.

सगळं कर्ज फिटल्यावर काय करायचं?
बँकेकडून थकबाकी नसल्याचा दाखला आणि मूळ कागदपत्रं घ्या. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत कागदपत्रं परत देणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. सोसायटीच्या दप्तरी किंवा सातबारा, मालमत्ता पत्रकावर बँकेच्या बोज्याची नोंद असेल तर तीही काढून घ्या.

आज एवढं करा

बँकेच्या अ‍ॅपवर जाऊन तीन आकडे एका कागदावर लिहा: शिल्लक मुद्दल, सध्याचा दर, उरलेले हप्ते. त्याखाली चौथा आकडा लिहा: उद्या पगार बंद झाला तर हप्त्यासकट घर किती महिने चालेल? हा आकडा सहाच्या खाली असेल, तर या वर्षीचा बोनस आधी निधीत टाका. सहाच्या वर असेल, तर मुद्दलात भरण्याचा अर्ज आजच लिहायला घ्या.